तिकीटघरातली एकोणीस सेकंदं

सोमवार, ६ जानेवारी २०२५
सकाळी ६ वाजून १० मिनिटं, परभणी स्टेशन

ताई,

पडदा सुरू केला, वहीत वेळ लिहिली, काच कोरड्या फडक्यानं पुसली आणि स्टुलावर बसून हे लिहायला घेतलं आहे. तिकिटाच्या रांगेत सतरा माणसं आहेत. कोणी माझ्याकडे पाहत नाही.

फोन केला नाही, कारण अण्णा अजून रोज जेवण झालं की माझा फोन मागून घेतात आणि कोणाकोणाला लावला ते पाहतात. तुझं उत्तरही घरी येऊ देऊ नकोस. 'सिद्धोधन हमाल, पार्सल ऑफिससमोर' एवढं लिहिलं तरी मला मिळतं. ही नोकरी त्यानंच लावून दिली.

नोकरी अशी आहे. पुण्याच्या एका संस्थेनं तिकीटघराच्या भिंतीवर बारा फुटी पडदा लावला आहे. त्यावर जाहिराती नसतात. केयूर सर म्हणून आहेत, त्यांनी २०२३ च्या जानेवारीत चार दिवस दोन नंबरच्या फलाटावर कॅमेरा ठेवून माणसं टिपली होती. ती आता काळ्या-पांढऱ्या रंगात, आवाजाशिवाय, फार सावकाश हलताना दिसतात. एक बाई पदर डोक्यावर घ्यायला अर्धं मिनिट लावते. खाली लिहिलेलं आहे : 'वाट पाहणारे. परभणी, जानेवारी २०२३.' सर ह्याला कलाकृती म्हणतात. सकाळी सहाला सुरू करायचं, रात्री दहाला बंद, मधे स्टूल सोडायचं नाही. पगार नऊ हजार, मुदत ३१ मार्चपर्यंत.

फिल्म वीस मिनिटांची आहे. नवव्या मिनिटाच्या चाळिसाव्या सेकंदाला तू येतेस.

पहिल्या दिवशी मला वाटलं, तुझ्यासारखी कोणीतरी आहे. दुसऱ्या खेपेला खात्री झाली. तू पिशवी खांद्यावर घेतेस आणि गाडीकडे पाहतेस. मागच्या डब्यावरची पाटी वाचता येते, सिकंदराबाद. एकोणीस सेकंदं. तू एकटीच आहेस. सोळा तासांत हे अठ्ठेचाळीस वेळा होतं आणि आपल्या पिंगळीची माणसं रोज ह्याच तिकीटघरातून बाहेर पडतात.

घरी सगळं तसंच आहे. तुझ्या नावानं आंघोळ करून अण्णा मोकळे झाले, पण आईला त्यांनी सोडलेलं नाही. पेटीची किल्ली तिच्या कमरेला होती, म्हणून तुझी सर्टिफिकेटं आणि सहा हजार रुपये तिनंच काढून दिले असं त्यांनी त्या संध्याकाळी ठरवलं, ते ठरलेलंच आहे. तिच्या हातचं पाणी घेत नाहीत. भाकरी ती करते, ताट मी नेतो. दोन वर्षांत ते तिच्याशी थेट बोललेले नाहीत. 'घरात सांग,' असं मला म्हणतात. आई दोन हातांच्या अंतरावर बसलेली असते.

आता कामाचं. सोबत हरकत-अर्ज आहे. ज्याचा चेहरा, त्यानं सही केली की तेवढा तुकडा काढून टाकतात, असा संस्थेचा नियम आहे. दुसऱ्यानं केलेली सही चालत नाही. फुलीच्या खुणेपाशी सही कर. तिकीट लावलेलं पाकीट आत ठेवलं आहे.

महारुद्र


बुधवार, १५ जानेवारी
दुपारी २ वाजून ४० मिनिटं

ताई,

अर्ज कोरा परत आला. तुझी चिठ्ठी चार वेळा वाचली. सोयरीक मोडून नर्सिंग शिकायला जाणं ही चोरी नाही, तू तोंड लपवणार नाहीस, हे मला समजलं. मी त्यावर वाद घालत नाही.

पण तू शेवटी विचारलंस, पिशवी हातात कशी आली ते दिसतं का? दिसतं.

पहिल्या पत्रात तू एकटी आहेस असं मी लिहिलं ते खरं नव्हतं. चौथ्या सेकंदाला डावीकडून एक हात पिशवी घेऊन येतो. चौदाव्या सेकंदाला त्या हाताचा माणूस कोणी पाहत नाही ना म्हणून जिन्याकडे वळतो, आणि दोन सेकंद त्याचा चेहरा पूर्ण दिसतो. बारा फुटी पडद्यावर माझं नाक परातीएवढं आहे.

तू म्हणशील, मग तूच सही कर. मलाही तेच वाटलं होतं. पण नियमाचा दुसरा भाग मी तुला लिहिला नव्हता. आलेला प्रत्येक अर्ज पडद्याशेजारच्या फळ्यावर नाव, गाव आणि कारणासकट चिकटवायचा असतो. हाही कलाकृतीचाच भाग आहे, असं केयूर सर सांगतात. आत्तापर्यंत एकच अर्ज आला आहे. जिंतूरच्या एका दुकानदारानं कारण लिहिलं : 'त्या दिवशी मी नांदेडला आहे असे घरी सांगितले होते.' त्याचा तुकडा निघाला, पण आता लोक फळा वाचून जिंतूरचा तो कोण, ह्याची चौकशी करतात. काल कोणीतरी अर्जाचा फोटो काढून नेला.

मी माझा अर्ज तीन वेळा भरला. कारणाच्या रकान्यात काय लिहू? तिन्ही फाडले. तुकडे खिशात ठेवून पिंगळीला उतरल्यावर नाल्यात टाकले.

काल संक्रांत होती. आईनं तिळाच्या वड्या केल्या. अण्णांनी शेजारच्या व्यंकटरावांकडून आलेली वडी खाल्ली. मी आईची वडी त्यांच्या ताटात ठेवली होती. त्यांनी ती बोटानं बाजूला केली.

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. नाही बोललो. बोललो तर मला घराबाहेर काढतील, आणि मग आईनं केलेलं ताट अण्णांपुढे न्यायलाही कोणी नाही, असं मी स्वतःला सांगतो. ते किती खरं आहे ते मला ठरवता येत नाही.

महारुद्र


गुरुवार, २३ जानेवारी
सकाळी ९ वाजून ५ मिनिटं

ताई,

इथे एक भलतंच होऊन बसलं आहे.

स्टेशनच्या दाराशी पार्वतीबाई हार-गजरे विकते. सोमवारी सकाळी ती आत आली, थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिली, हात जोडले आणि झेंडूचा एक हार पडद्याच्या खिळ्याला अडकवून गेली. मी काढायला गेलो.

"कामून काढायलास रे?"

"मावशी, हे मेलेली माणसं न्हाईत."

"मग काळीपांढरी कामून हायती? खाली तारीख बी टाकली की. कोनता अपघात व्हता?"

तिचं चुकलं असं मला ठामपणे म्हणता आलं नाही. आपल्याकडे चौकाचौकात जे भावपूर्ण श्रद्धांजलीचे फ्लेक्स लागतात, त्यांचं आणि ह्याचं तोंड एकच आहे. गप्प चेहरे आणि खाली महिना.

सिद्धोधन डोक्यावर गोणी घेऊन चालला होता. तो थांबला. "मावशी, सोळाव्या मिनिटाला मी हाय त्याच्यात. मला बी हार घातला का?"

"तू पुढाऱ्यागत मधीच घुसला असशील."

"जित्तेपणी हार कोनाला भेटतो? राहू दे रे रुद्रा."

दुपारपर्यंत चार हार झाले. एकानं उदबत्ती लावली, ती मी विझवली, कारण मागे वायरी आहेत. केयूर सरांना फोन केला. ते हसतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "काही काढू नकोस. हे फार सुंदर आहे. मला रोज फोटो पाठव." आता सकाळी नऊच्या आत हारांचे फोटो पाठवणं हेही माझ्या कामात आलं. म्हणजे हार मला काढता येत नाहीत, पडदा बंद करता येत नाही आणि स्टूल सोडता येत नाही.

काल व्यंकटराव नांदेडच्या गाडीतून उतरले. पडद्यापुढे हात जोडून उभ्या असलेल्या माणसांच्या मागे ते उभे राहिले. मी स्टुलासकट खांबाच्या आड झालो. नववं मिनिट आलं, संपलं. त्यांनी टोपी काढली, खाली पाहिलं आणि लगबगीनं पिंगळीच्या गाडीला गेले. मला त्यांनी ओळखलं का, तुला एकटीलाच पाहिलं का, काही कळलं नाही. तू आणि मी आल्यावर त्यांच्यापुढे एक उंच माणूस उभा होता.

हे टाकायला पोस्टात जातो. सिद्धोधन दहा मिनिटं स्टुलावर बसतो म्हणाला आहे.

महारुद्र


गुरुवार, ३० जानेवारी
सायंकाळी ५ वाजून १५ मिनिटं

ताई,

गेल्या आठवड्यात गावानं तुला मारलं. सगळं क्रमानं लिहितो.

मागचं पत्र टाकलं त्याच रात्री घरी गेलो तर अंगणात चपला होत्या. ओसरीवर सतरंजी अंथरलेली होती आणि व्यंकटराव, त्यांच्या घरच्या बायका, अण्णांच्या सोसायटीतली माणसं, सगळे खाली माना घालून बसले होते. व्यंकटरावांनी गावात सांगितलं होतं की किशनरावांच्या राजेश्रीचा फोटो स्टेशनात लागलाय, हार घातलेत. म्हणून लोक भेटायला आले होते.

अण्णा मधे बसले होते. कोणीतरी विचारलं, "कधी झालं, अण्णा?"

अण्णा म्हणाले, "दोन वर्षं झाली."

ते खोटं बोलले नाहीत. त्यांच्या हिशोबानं दोन वर्षंच झाली. लोकांनी माना हलवल्या. एक बाई म्हणाली, "कळू बी दिलं न्हाई, केवढं मोठं काळीज." ज्या पोरीच्या नावानं स्वतःच आंघोळ केली, ती हाय की न्हाई मला म्हाईत न्हाई, असं त्यांनी कोणत्या तोंडानं म्हणायचं?

आईनं मला आत ओढलं.

"रुद्रा, खरं सांग. राजी हाय का?"

ताई, त्याच दिवशी दुपारी सिद्धोधननं तुझी चिठ्ठी दिली होती. ती माझ्या खिशात होती. अण्णा पाण्याच्या तांब्यासाठी दारात येऊन उभे राहिले होते. मी म्हणालो, "मला काय म्हाईत."

हे वाक्य मी लिहून काढलं आहे, कारण ते तुझ्यापासून लपवलं तर ह्या सगळ्या पत्रांना अर्थ नाही.

आईनं चार दिवस तोंडात अन्न घेतलं नाही. चहा घेत होती. सोमवारी सकाळी ती कोणाला न सांगता पिंगळीहून एकटी गाडीत बसली आणि दहाच्या सुमारास तिकीटघरात आली. मला पाहून थांबली नाही. पडद्यापुढे जाऊन उभी राहिली.

पार्वतीबाई तिच्यामागे आली. "घ्या बाई, वीसला हाय. कोन हाय तुमचं त्याच्यात?"

"लेक."

पार्वतीबाईनं पैसे घेतले नाहीत. हार आईच्या हातात दिला आणि शेजारी उभी राहिली.

नववं मिनिट आलं. तू आलीस. हात आला. पडद्यावरचा मी वळलो. मी खांबाला पाठ लावून आईची पाठ पाहत होतो. एकोणीस सेकंदं संपली, पुढची माणसं आली, तरी ती हलली नाही. मग मान न वळवता म्हणाली, "त्यो सदरा म्याच धुतला व्हता."

मी जवळ गेलो.

"बाहीला तांबडा गंज लागला व्हता. आपल्या पेटीचा. साबणानं बी निघाला न्हाई. तवाच कळलं मला."

"मग बोलली कामून न्हाईस? दोन वर्षं?"

"बोलले असते तर तुला बी हाकललं असतं. एक गेली व्हती. दोघं कशाला घालवू?" मग माझ्याकडे पाहिलं. "तूच बसवलंस तिला गाडीत. आन तूच म्हनलास म्हाईत न्हाई. तवा मला वाटलं, खरंच गेली पोरगी. आता सांग."

मी खिशातून तुझी चिठ्ठी काढली. तिला वाचता येत नाही, तरी तिनं ती उलटसुलट करून पाहिली. मी म्हणालो, "हाय. दुसऱ्या वर्षाला हाय. हॉस्टेलच्या खोलीत तिघी जणी ऱ्हातेत."

आईनं हार पार्वतीबाईच्या टोपलीत ठेवला आणि म्हणाली, "हे घ्या बाई. लागत न्हाई."

नंतर सिद्धोधननं वडापाव आणला. तिनं दोन खाल्ले आणि तिसरा पदरात बांधला.

पण गाडीत बसताना ती मला म्हणाली, "त्यांना म्या सांगणार न्हाई. ते तुजं काम हाय." आणि तिकडे व्यंकटरावांनी अण्णांना गळ घातली आहे की पोरीचं काहीच केलं न्हाई, निदान गुरुजी बोलावून विधी करा, पाच माणसं जेवू घाला. ५ फेब्रुवारी ठरली आहे. अण्णांनी 'हो' म्हटलेलं नाही आणि 'नाही'ही म्हटलेलं नाही. शिधा मात्र आला आहे.

महारुद्र


गुरुवार, ६ फेब्रुवारी
सकाळी ७ वाजता

ताई,

काल सिद्धोधनला स्टुलावर बसवून मी घरी थांबलो. केयूर सरांना पोटदुखी सांगितली.

सकाळी दहाला गुरुजींनी पाट मांडला. अण्णा सोवळं नेसून बसले. व्यंकटराव आणि सात-आठ माणसं ओसरीवर होती. आई आतल्या दारात उभी होती. मी वाक्य पाठ करून ठेवलं होतं. 'अण्णा, मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे,' असं ते सुरू होत होतं. गुरुजींनी तुझं नाव विचारलं आणि अण्णांना ते उच्चारता येईना. दोनदा ओठ हलले. तेव्हा माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"थांबा. ती जिती हाय. म्या बसवलं तिला गाडीत. पैसे म्या काढले. आईची किल्ली ती न्हायला गेली तवा घेतली व्हती."

गुरुजींच्या पळीतलं पाणी ताम्हनात पडलं.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "गुरुजी, तुमी चालू द्या."

"किशनराव, जित्या माणसाचं मला करता येत न्हाई."

व्यंकटराव म्हणाले, "मग दोन वर्षं झाली म्हणून कामून सांगितलं आमाला?"

"दोन वर्षं झालीच की," अण्णा म्हणाले.

कोणीतरी विचारलं, पोरगी आहे कुठे? मी म्हणालो, सांगणार नाही. व्यंकटराव म्हणाले, "सिकंदराबादला. डब्यावर लिहिलेलं हाय की." म्हणजे त्यांनी त्या दिवशी सगळं वाचलं होतं, फक्त त्याचा अर्थ वेगळा लावला होता. तेव्हा ताई, तुझं गाव आता इथे सगळ्यांना माहीत आहे. हॉस्टेलचं नाव मी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

अण्णा पाटावरून उठले आणि आतल्या दाराकडे वळले. आईशी ते दोन वर्षांनी बोलले.

"तू बोलली कामून न्हाईस?"

"तुमी इचारलं कवा? तुमी आल्या आल्या सांगितलं, तूच दिलं म्हणून."

अण्णा काहीतरी म्हणणार होते. आईनं वाट पाहिली नाही.

"मला राजीकडं जायचं हाय," ती म्हणाली. एवढ्या माणसांपुढे, डोक्यावरचा पदर नीट करत, बाजाराला जायचं हाय म्हणावं तसं.

मला घराबाहेर काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं असं रात्री वाटलं. मी ताट नेलं, अण्णांनी ते घेतलं. माझ्याशी बोलले नाहीत. आता ते 'घरात सांग' असंही म्हणत नाहीत, कारण सांगायला मधे कोणी उरलेलं नाही.

महारुद्र


सोमवार, १० फेब्रुवारी
दुपारी १ वाजून २५ मिनिटं

ताई,

हे पत्र पोस्टात टाकत नाही, आईच्या हातात देतो. ती माझ्या स्टुलावर बसली आहे, मी उभा राहून भिंतीला कागद लावून लिहितो आहे. पार्वतीबाईनं तिला अबोलीचा गजरा दिला, तुझ्यासाठी. कोमेजला तरी घे.

मीही आलो असतो. नोकरीच्या कराराच्या सहाव्या कलमात लिहिलं आहे की मुदतीआधी काम सोडलं तर शेवटचा पगार मिळणार नाही. पण ते खरं कारण नाही. अण्णांना चहासुद्धा करता येत नाही, आणि घरी दोन माणसं राहिली आहेत, त्यातलं एक मी आहे. स्टेशनातली पोरं मला 'हात आला, हात आला' म्हणतात. माझा तुकडा काढायचा का, असं केयूर सरांनी स्वतःहून विचारलं. मी नको म्हटलं. आता काढून कोणाला काय कळायचं राहिलं आहे?

शनिवारी अण्णा आले. मला न सांगता आले आणि फळ्याशेजारी उभे राहिले. पूर्ण वीस मिनिटं पाहिलं, मग तुझ्यासाठी अजून नऊ मिनिटं थांबले. मी स्टुलावरून उठलो नाही. जाताना माझ्याजवळ आले.

"पिशवीचा बंद सुतळीनं बांधलेला दिसतोय," म्हणाले. "तुटकी पिशवी देऊन पाठवलंस तिला?"

मी म्हणालो, "गडबडीत तीच सापडली."

ते पिंगळीच्या गाडीला गेले. त्यानंतर काल दिवसभर बोलले नाहीत, आज सकाळीही नाही. आई निघाली तेव्हा ओसरीवर जुनं वर्तमानपत्र वाचत होते.

गाडी १ वाजून ५० मिनिटांची आहे. आईला खिडकीची जागा मिळाली आहे. ती भाकरी आणि ठेचा आणते आहे, तिला तुझ्या मैत्रिणींमध्ये लाज वाटू देऊ नकोस.

तू पैसे पाठवते म्हणालीस, म्हणून आजपर्यंतचा हिशोब देतो. पाठवू नकोस.

स्पीड पोस्ट, पाच पत्रं : २०५
गुरुजींना, विधी झाला नाही तरी आले म्हणून : २५१
आईच्या नव्या चपला : ३२०
आईचं तिकीट, स्लीपर : २४५
परतीचं तिकीट : काढलं नाही. आई नको म्हणाली.
एकूण खर्च : १,०२१

अण्णांचं देणं, पेटीतले : ६,०००
पगारातून काल दिले : २,०००. अण्णांनी दोनदा मोजले आणि सोसायटीच्या जुन्या पुस्तकातून पावती फाडून दिली. पावतीवर माझं पूर्ण नाव लिहिलं आहे, मधे त्यांचं.
बाकी : ४,०००

महारुद्र